आईंच्या पित्ताच्या गोळ्या

सासूबाई उन्हाळ्यापुरत्या नेदरलँड्समधल्या रायस्वाइकला आमच्याकडे आल्या, तेव्हा सामानात पित्तावरच्या चघळायच्या गोळ्यांचा मोठा साठा होता. जळजळ, गुडगुड, जुलाब, सगळ्यावर त्यांचा तोच उपाय. माझं पोट तर कायमचंच बिघडलेलं. रोज सकाळी नाश्ता झाला की त्या गोळी पुढे करायच्या आणि मी "नको आई" म्हणायचे.

खरं कारण त्यांना माहीत नव्हतं. मला एचआयव्ही आहे, पहिल्या लग्नातून आलेला. त्याचं औषध मी सकाळी घेते, आणि तसली गोळी सोबत पोटात गेली तर औषध नीट अंगी लागत नाही. दवाखान्यातल्या नर्सने हे मला बजावून सांगितलं होतं.

एका सकाळी आम्ही दोघी ट्रामने डेल्फ्टला निघालो. वाटेतच पोटात कळ आली. पुढच्या स्टॉपवर उतरलो तर जवळपास कुठे टॉयलेट नाही. मी घामाघूम. आईंनी माझा दंड धरला आणि समोरच्या सायकलच्या दुकानात शिरल्या.

"डॉटर! टॉयलेट! लवकर!"

दुकानदाराने हातातलं चाक खाली ठेवलं आणि आतलं दार उघडून दिलं.

बाहेर आले तर आई माझी पर्स छातीशी धरून उभ्या. दुकानदाराला त्यांनी हात जोडले. मग बाहेरच्या बाकावर बसून पुन्हा तीच गोळी काढली.

"आता तरी घे गं."

"आई, नको."

"माझ्या हातचं तुला चालत नाही का?"

मग मी सगळं सांगितलं. हातातली गोळी त्यांनी परत पिशवीत टाकली.

"त्याला माहीत आहे?"

"लग्नाआधीपासून. आणि त्याला काही झालेलं नाही. औषध नियमित घेतलं की रक्तात विषाणू सापडतसुद्धा नाही. माझ्यापासून कुणाला लागण होत नाही."

त्यांनी डोळे पुसले. मग एकदम माझ्यावर उखडल्या, "आणि मी इतके दिवस तुला तर्रीची मिसळ घालतेय! बोलायचंस ना! बरं, तुझी गोळी सकाळी ना? मग माझी दुपारी चालेल का, ते विचार त्या नर्सला."

पुढच्या तपासणीला त्या माझ्याबरोबर आल्या. दुपारी चालेल, असं नर्स म्हणाली. पण आईंचं तेवढ्यावर समाधान होईना. त्या मराठीत विचारत होत्या, मी डचमध्ये सांगत होते. पोट इतकं का बिघडतं, ताक चालेल का, मेतकूट-भात चालेल का? मेतकूट म्हणजे काय हे सांगताना माझी फे फे उडाली. मग झालेल्या तपासण्यांत निघालं, की मला दूध पचत नाही. काही त्रास जुन्या औषधांचाही असावा.

त्या दिवसापासून घरात ओट्सच्या दुधाचा चहा सुरू झाला. "चुन्याची निवळी नुसती," असं म्हणत आई तोच प्यायच्या. स्वतःपुरता वेगळा चहा टाकायला मात्र त्या तयार नव्हत्या.

पोट पूर्ण बरं झालेलं नाही. अजूनही एखाद्या दिवशी घराबाहेर पडवत नाही. आई आता पुण्याला परतल्यात. त्यांचा फोन आला की नवरा उचलतो, आणि त्या त्याला म्हणतात, "तुझं नंतर. आधी तिला दे."