पिंजऱ्यामागची पिल्लं

त्या मांजरीला पकडण्यासाठी तिचीच पिल्लं वापरली, आणि पिल्लांची पेटी माझ्या मांडीवर होती. ही गोष्ट मी फारशी कुणाला सांगत नाही. 'लॉकडाउनमध्ये काय केलंस?' असं कुणी विचारलं की मी म्हणते, मांजराची चार पिल्लं माणसाळवली. लोकांना ते ऐकून छान वाटतं.

२०२०चा ऑक्टोबर होता. मी आयर्लंडमधल्या स्लायगोच्या कडेला एका वसाहतीत भाड्याने राहत होते. एम.एस्सी. करायला आले, नोकरी लागली म्हणून राहिले, त्याला सहा वर्षं झाली होती. मार्चपासून कंपनीचं काम घरूनच चाललं होतं. नवरा डॉक्टर. जुलैत त्याची बदली पार दक्षिणेला, ट्रलीच्या हॉस्पिटलात झाली होती, आणि आता घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायला बंदी आली होती. त्यामुळे घरात मी एकटी. फोनवर बोलणं व्हायचं, पण फोन ठेवला की फ्रिजची घरघर ऐकू येत राहायची.

आमच्या वसाहतीची मागची रांग अर्धवट बांधून सोडलेली होती. बिल्डर बुडाला आणि सहा घरं तशीच राहिली. भिंती होत्या, छप्पर होतं, खिडक्यांच्या जागी प्लायवूड ठोकलेलं. माझ्या मागच्या खिडकीतून ती समोरच दिसायची. त्यांत रानटी मांजरी राहत. जवळ गेलं की सावलीसारख्या नाहीशा होत.

गावात भटक्या मांजरांचं बघणारी एक बाई होती. साठी उलटलेली, निवृत्त शिक्षिका, पायात कायम गमबूट. तिने वसाहतीच्या ग्रुपवर विचारलं होतं की कुणाकडे महिना-दोन महिने एखादी रिकामी खोली मिळेल का. चार पिल्लं आहेत, सगळ्यांची घरं भरलेली आहेत. मी हो म्हटलं. मला मांजरांचा लळा वगैरे काही नव्हता. घरात आणखी कुणीतरी श्वास घेणारं असावं, एवढंच वाटलं होतं.

ठरल्या दिवशी मी त्या मागच्या रांगेत पोचले, तेव्हा पिल्लं सकाळीच सापळ्यात आली होती, सार्डिन माशाच्या वासाने. आई येत नव्हती. लांबून बघत होती.

"ती खाण्याला भुलणार नाही," बाई म्हणाली. "पिल्लांना भुलेल."

तिने लांबट पिंजरा जमिनीवर ठेवला आणि मला त्याच्या मागच्या टोकाला, प्लायवूडच्या आडोशाला बसवलं. पिल्लांची पेटी माझ्या मांडीवर दिली. पेटीचं जाळीचं दार पिंजऱ्याच्या बाजूला. आईला वाटावं, पिंजऱ्यातून गेलं की पिल्लं भेटतील. पण पिल्लं इतकी घाबरली होती की तोंडातून आवाज काढत नव्हती. चौघं एकमेकांत घुसून एकच गोळा झाली होती.

"जरा हलव पेटी," बाई कुजबुजली.

मी हलवली. काही नाही.

"जरा जोरात."

मी पुन्हा हलवली. आतून एक पिल्लू ओरडलं. बारीक, फाटका आवाज. दोन मिनिटांत आई आली. वाटेत ठेवलेल्या माशाकडे तिने बघितलंसुद्धा नाही. पिंजऱ्यातून सरळ चालत आली, जाळीपर्यंत. मागे दार खटकन पडलं. माझ्या गुडघ्यापासून एका वितीवर तिचं तोंड होतं, आणि ती माझ्याकडे नाही, पेटीकडे बघत होती.

"ग्रँड," बाई म्हणाली; इकडे 'छान', 'ठीक' सगळ्यालाच ग्रँड म्हणतात. "छान केलंस."

आईची नसबंदीची शस्त्रक्रिया झाली, त्याची खूण म्हणून डाव्या कानाचं टोक कापलं, आणि दोन दिवसांनी तिला पुन्हा त्याच अर्धवट घरांपाशी सोडून दिलं. मोठी रानटी मांजर माणसाळत नाही, तिला कोंडणं म्हणजे छळ, असं बाईने समजावलं होतं. पिल्लं सात आठवड्यांची होती. त्यांना अजून वेळ होता, पण थोडाच. "नावं देऊ नकोस," ती म्हणाली. "नावं त्यांना घेऊन जाणारे देतील."

म्हणून मी रंगांवरून ओळखू लागले. थोरला काळा, धाकटा काळा, पट्टेवाला आणि राखाडी. राखाडी ही एकटीच मुलगी.

वरच्या लहान खोलीत त्यांची सोय केली. पहिले चार दिवस ती मला दिसलीच नाहीत. खोक्याच्या मागे आठ डोळे. हात पुढे केला की फिस्स करून थुंकायची. अंग केवढंसं, पण आवाज वाफ सुटल्यासारखा. बाईने सांगितलं होतं, डोळ्यांत बघायचं नाही, उभं राहायचं नाही, भांडं ठेवून निघून जायचं नाही. खाणं आणि माणूस ही एकच गोष्ट आहे असं त्यांना वाटलं पाहिजे. मी जमिनीवर बसून लांब दांड्याच्या चमच्यावर चिकनचं बाळांचं पातळ खाणं पुढे धरायची. हात आखडून जायचा. ऑफिसच्या मीटिंगा मी तिथेच बसून ऐकू लागले. त्यांना माणसाच्या आवाजाची सवय व्हावी म्हणून मी बोलायचीही. मराठीतच, तोंडाला येईल ते. आज भाजीला काय आहे, बाहेर पाऊस कसा तिरपा पडतोय. सहाव्या दिवशी पट्टेवाल्याने चमचा चाटला. त्याच्या जिभेची खरखर चमच्यातून माझ्या बोटांपर्यंत आली.

त्याच दिवशी संध्याकाळी पाचच्या सुमाराला आई आली.

अंधारून येत होतं. मागच्या भिंतीवर बसून ती हाका मारत होती. नेहमीचं म्यांव नव्हतं ते. घशातून येणारा, शेवटी वर चढणारा आवाज, जणू काही विचारते आहे. खोलीतली पिल्लं जागच्या जागी थिजली. कान खिडकीकडे. मी पडदा ओढला, रेडिओ मोठा केला. अर्ध्या तासाने ती गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा आली, संध्याकाळी पुन्हा.

मी बाईला फोन केला. "एवढ्या जवळ ठेवायला नको होतं," ती म्हणाली, "पण दुसरीकडे जागाच नाही गं. दूध आटलं की विसरेल ती. पंधरा दिवस धर."

त्या रविवारी नाशिकहून बाबांचा व्हिडिओ कॉल आला. माझी आई आत स्वयंपाक करत होती, बाबा एकटेच होते. ते डब्याच्या कारखान्यात हिशेबनीस होते, निवृत्त होऊन दहा वर्षं झाली होती. कुणावर आवाज चढवलेला मी त्यांना कधी पाहिलं नाही.

"कसला आवाज येतोय गं?" त्यांनी विचारलं.

"मांजराची पिल्लं आहेत बाबा. चार. माणसाळवायला आणलीत."

"हे ओरडणं पिल्लांचं नाही."

मी फोन खिडकीकडे वळवला. भिंतीवर ती बसली होती.

"रोज येते?"

"रोज."

"किती दिवस झाले?"

"चार."

बाबा पडद्याच्या आणखी जवळ सरकले. मग म्हणाले, "आपली पाच दिवस आली होती."

यावर आम्ही पंचवीस वर्षांत एक शब्द बोललो नव्हतो. मी चौथीत असताना आमच्या माळ्यावर मांजर व्यायली. शेजारी तक्रार करू लागले, आईला दम्याचा त्रास. एका सकाळी बाबांनी तीन पिल्लं कापडी पिशवीत घातली आणि मला स्कूटरवर मागे बसवलं. पिशवी मी धरायची होती. ती पोटाशी हलत होती, आणि कापडातून नखं टोचत होती. मार्केट यार्डाच्या मागे, फेकलेल्या भाजीच्या ढिगापाशी आम्ही ती सोडली. "इथे खायला मिळेल त्यांना," बाबा म्हणाले, आणि मी विश्वास ठेवला, कारण ठेवायचाच होता. घरी मांजर खोल्याखोल्यांतून फिरत राहिली. कपाटात डोकावली, पाट उभे करून ठेवले होते त्यांच्यामागे गेली. माझ्या दप्तरात तिने तोंड घातलं होतं, ते मला अजून दिसतं.

"मी दुसऱ्या दिवशी परत गेलो होतो," बाबा म्हणाले.

"कुठे?"

"यार्डात. कामावर जायच्या आधी. तीच पिशवी घेऊन."

"मग?"

"एकच सापडलं." त्यांनी चष्मा काढला. "ते पुरलं तिथेच. वेळ झाला कामावर जायला. तुझ्या आईलाही सांगितलं नाही."

मागे स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली.

"तिला खायला घाल," ते म्हणाले. "त्या आईला. रोज एकाच वेळी घाल, म्हणजे तिला कळेल."

काय कळेल, ते त्यांनी सांगितलं नाही. त्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ मी भिंतीखाली वाडगा ठेवू लागले. मी दहा पावलं मागे गेल्याशिवाय ती उतरत नसे. आधी खाई, मग हाका मारी.

त्याच आठवड्यात राखाडी निसटली. मी खोलीचं दार लावत असताना पायांतून गेली आणि जिन्याजवळच्या हॉट प्रेसमध्ये शिरली. गरम पाण्याची टाकी असलेल्या कपाटाला इकडे हॉट प्रेस म्हणतात. आमच्याकडे त्यात चादरी-टॉवेल ठेवलेले असत. ती टाकीच्या मागे जाऊन बसली, जिथे माझा हातही पोचत नव्हता. आणि ओरडू लागली. बाहेर आई आली होती. तिने उत्तर दिलं.

दोघी एकमेकींना ऐकत होत्या. एक टाकीच्या मागून, एक भिंतीवरून. मधे मी, जिन्यात.

मागचं दार उघडायचं, बाजूला व्हायचं, बस. माझ्या मनात ते आलं, आणि नुसतं आलं असं नाही, मी खाली जाऊन कडी काढलीसुद्धा. मग बाईला फोन लावला.

"दार उघडू नकोस," ती म्हणाली. माझ्या आवाजावरूनच तिला समजलं असावं. "ऐक. मागच्या वर्षी त्या घरांत पाच पिल्लं होती. जानेवारीत मी तीन उचलून आणली, थंडीने लाकडासारखी ताठ झालेली. आता कडी लाव."

मी कडी लावली. वर येऊन चमच्यावर खाणं घेऊन हॉट प्रेससमोर फरशीवर बसले आणि बोलत राहिले. काय बोलले ते आठवत नाही. बाहेरचा आवाज थांबला, आतला बऱ्याच वेळाने थांबला. साडेसहाच्या सुमाराला राखाडी धुळीने माखून बाहेर आली आणि माझ्या पायाच्या अंगठ्याला नाक लावून, चमच्यावरचं खाणं चाटू लागली. मी रडले, पण हलले नाही.

नोव्हेंबर संपता संपता आईच्या हाका बंद झाल्या. ती वाडग्यासाठी यायची, खायची, जायची. पिल्लं मात्र बदलत गेली. धाकटा काळा मांडीवर झोपू लागला. पट्टेवाल्याने पहिल्यांदा लाडाने घुरघुर केली तेव्हा तोच दचकला आणि थांबला. नाताळच्या आधी दोघं काळे एका कुटुंबाकडे गेले, जानेवारीत पट्टेवाला. राखाडी सर्वांत मागे राहिली. ती फक्त माझ्याकडे यायची. दुसऱ्याच्या पावलांच्या आवाजानेही पलंगाखाली जायची. शेवटी गावाबाहेरच्या एका एकट्या, शांत बाईने तिला मागितलं.

फेब्रुवारीतली सकाळ होती. त्या बाईची गाडी फाटकाशी उभी होती; ती मास्क लावून लांबच थांबली होती. मी पेटी घेऊन बाहेर आले. मांजर भिंतीवर होती, नाश्त्याची वाट बघत. मी वाडगा ठेवायला वाकले, आणि पेटीतून राखाडी ओरडली.

मी तिथेच थांबले. मांजरीने पेटीकडे बघितलं. चांगलं बघितलं, कान पुढे करून. मग वाडग्याकडे बघितलं. भिंतीवरून उतरली. मी इतक्या जवळ असताना ती पहिल्यांदाच उतरली होती. आणि खाऊ लागली. राखाडी आणखी दोनदा ओरडली. मांजरीने मान वर केली नाही.

मला हायसं वाटायला हवं होतं. सगळे म्हणत होते तसंच झालं होतं. पण मी पेटी धरून त्या भिंतीला टेकून उभी राहिले, आणि फाटकाशी थांबलेल्या बाईने विचारलं, "ठीक आहेस ना?"

"ग्रँड," मी म्हटलं आणि पेटी तिच्या गाडीत ठेवली.

संध्याकाळी मी बाबांना सांगितलं. शेवटचं पिल्लू गेलं, आई समोरच होती, तिने ओळखलं नाही.

"बरं झालं," बाबा म्हणाले. मग म्हणाले, "तुला तसं वाटलं, की खरंच ओळखलं नाही?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच वेळी वाडगा भरून भिंतीखाली ठेवला.

जुलैत नवऱ्याची नेमणूक डब्लिनजवळ ब्लँचर्डस्टाउनला झाली आणि आम्ही सामान हलवलं. शेजारच्या आजोबांनी मांजरीला खायला घालायचं कबूल केलं. निघताना मी मागे जाऊन बघितलं. मागच्या रांगेत पुन्हा काम सुरू झालं होतं, दोन घरांचं प्लायवूड काढून खिडक्या बसवल्या होत्या. भिंतीवर कुणी नव्हतं. मी थोडा वेळ हाका मारल्या, मला जमेल तशा. मग गाडीत जाऊन बसले.