किसनकाका आणि करडी माती

वावरात किसनकाकांशी बोलायला कुणी थांबलं, की ते आधी खाली वाकायचे. चिमूटभर माती उचलून अंगठ्याने बोटावर चोळायचे आणि मग बोलणं सुरू. एकदा वाशीमकडच्या एका लग्नात मांडवात बसल्या बसल्या त्यांनी तिथलीही माती चोळून पाहिली आणि नवरीच्या बापाला सांगितलं, "पावने, तुमच्याकडं हरभरा जोरात येत असंन." नवरीचा बाप पंगत सोडून त्यांच्याजवळ येऊन बसला. मुलीच्या लग्नापेक्षा हरभऱ्याबद्दलच तो जास्त बोलला.

काका आमचे नात्याने कुणी नव्हते, शेजारी होते. धनजच्या पुढे आमचं छोटं गाव आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. रोज सकाळी कारंज्याच्या एसटीसाठी फाट्यावर उभी असायचे, तेव्हा काका बैल घेऊन समोरून जायचे. "काय वं कॉलेजवाली, आज काय शिकवून येतं त्या मास्तरायले?" मी नुसती हसायचे. तेच पुढे म्हणायचे, "सांग त्यायले, फळ्यावर झाड काढून वावर पिकत नाई म्हना."

गावाजवळच्या तलावाचा गाळ निघाला, तेव्हा तो वावरात टाकायला लोक तयार नव्हते. काकांनी तो बोटांत चोळला आणि स्वतःच्या ट्रॅक्टरने गावभर वाटला. त्या वर्षी तूर माणसाच्या खांद्याला लागली. तेव्हापासून मातीच्या बाबतीत काकांचा शब्द गावात शेवटचा झाला. मला वाटतं, जे झालं ते तिथूनच सुरू झालं.

पुढच्या वर्षी नाल्याकाठची एक जमीन भाड्याने घेऊन एक कंपनी आली. जमिनीखाली खोलवर गॅस आहे का, ते पाहायला त्यांनी तिथे उंच लोखंडी मनोरा उभा करून खोल भोक पाडायला घेतलं. काही महिने आवाज चालू होता. पोरंसोरं म्हणायची, आता आपल्या गावात चुलीला नळाने गॅस येणार. गॅस काही लागला नाही. मनोरा गेला, भोक सिमेंटने बंद झालं, आणि मागे राहिला काळं प्लास्टिक अंथरलेला एक मोठा खड्डा. खोदताना भोकात जो चिखल फिरवतात, तो सगळा त्यात साचला होता. करड्या रंगाचा, अगदी मऊ. तिथल्या ठेकेदाराच्या माणसाने सांगितलं, "चांगली चिकणमाती आहे. न्यायची तर न्या."

काका गेले. वाकले. चोळली. माझे वडील तेव्हा सोबत होते. काका त्यांना म्हणाले, "हे पाय, कशी लोण्यावानी आहे! तलावातल्या गाळाहून चोपडी. हे फेकून देऊन राह्यले येडे लोक!"

पहिल्या ट्रॉल्या त्यांनी लीलाबाईच्या वावरात टाकल्या. लीलाबाई नवरा गेल्यापासून एकटीच शेती करते आणि तिचं वावर मुरमाड आहे. "लीला, औंदा तुया सोयाबीनपुढं माहं फिकं पडते पाय," असं सांगून त्यांनी डिझेलचे पैसेही घेतले नाहीत. मग त्यांच्या स्वतःच्या वावरात गेली, आमच्याकडे गेली, आणखी तीन-चार घरी गेली.

पेरणीनंतर त्या मातीची पापडी धरली. पाणी वरच उभं राहायचं. वाळलं की वर पांढरा थर यायचा. लीलाबाईच्या वावरातलं सोयाबीन दोन पानांवर पिवळं पडलं आणि बसलं. नाल्याच्या पाण्यावर तेलासारखा तवंग दिसू लागला, तेव्हा ओरड झाली आणि माती तपासणारे लोक आले. त्यांनी सांगितलं, या चिखलात मीठ आहे, तेल आहे, खोदकामाची औषधं आहेत. ही शेतात टाकायची नसते.

काकांनी मला बोलावलं. "तू कॉलेजात जातं. मीठ हाताले लागत नाई काय वं?" मी म्हटलं, "काका, आम्हाला अजून ते शिकवलं नाही." त्यांनी अंगठा रिकाम्याच बोटावर चोळला. मग म्हणाले, "जिभीवर ठेवून पायली असती, तं समजलं असतं. गाळासारखी दिसली, म्हनून म्या जिभीवर ठेवलीच नाई."

सफाईसाठी मोठी यंत्रं आली. खड्डा उपसला, नाला साफ केला, ट्रक भरून चिखल कुठेतरी दूर नेला. पण गावकऱ्यांनी आपापल्या वावरात नेलेली माती सफाईवाल्यांच्या कामात बसत नव्हती. ती तुम्ही स्वतः नेली, म्हणाले.

मग काकांनी पावडं घेतलं. आमचं वावर, बाकीच्यांची वावरं त्यांनी एकेक करून खरवडली. लोक मदतीला यायचे, पण चार दिवस. काका रोज. पानठेल्यावर कुणीतरी टोमणा मारला, "काय किसनराव, आता उलटा धंदा? आधी पसरवाची, मंग गोया कराची?" काका म्हणाले, "हो ना बाप्पा. पसरवाले अक्कल लागली नाई, गोया कराले लागून राह्यली." लोक हसले. काकाही हसले, पण तंबाखू न घेताच निघाले.

लीलाबाईचं वावर सर्वांत खराब होतं. तिथे ते संपूर्ण उन्हाळा होते. मी परीक्षेनंतर टोपली उचलायला जायचे. लीलाबाईने त्यांना कधी एका शब्दाने बोल लावला नाही, आणि तेच त्यांना सोसत नव्हतं. एकदा पावडं टेकवून ते तिला म्हणाले, "लीला, मले शिवी दे ना वं एखादी."

"कायले देऊ भाऊ?" ती म्हणाली. "माती तुमी आनली. पन टोपल्यानं पसरवली तं मीच. चांगली चोपडी लागे हाताले."

काका तोंड फिरवून पुन्हा खरवडायला लागले.

खरवडलेल्या मातीचे ढीग बांधावर झाले. पावसाने ती परत वावरात उतरेल, म्हणून काकांनी आपल्या घरच्या ताडपत्र्या त्यावर टाकल्या. मग आम्ही तालुक्याच्या कार्यालयात जाऊ लागलो. बोलायचं मी, असं ठरलं होतं, पण साहेबांसमोर मी नुसता अर्ज पुढे केला. काकाच पुढे झाले. "साहेब, चूक माही लिहा. किसन म्हातारा येडा होता, लिहा. पन माती न्या." साहेब वाईट नव्हते. प्रस्ताव वर पाठवतो, म्हणाले. प्रत्येक वेळी हेच म्हणाले.

पोटाचं दुखणं काकांनी कुणाला सांगितलं नव्हतं. पेरण्या झाल्या आणि त्यांना अकोल्याच्या दवाखान्यात न्यावं लागलं. मी भेटायला गेले, तेव्हा ते फार बारीक दिसत होते. पहिलाच प्रश्न, "लीलाचं उगवलं काय?"

खोटं बोलावं, असं मला वाटलं. काकू माझ्याकडे तशाच नजरेने बघत होत्या. पण काकांपुढे मला ते जमलं नाही. "अर्ध्या वावरात चांगलं उगवलं काका. नाल्याकडच्या बाजूनं नाही."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, झोपले. मग म्हणाले, "त्या बाजूनं उतार आहे. पानी तिकडं साचते, मीठ खाली गेलं असंन. एक वीत आनखी खाली जा लागते." आठवड्याच्या आत ते गेले.

दिवाळीनंतर खरंच ट्रक आले. बांधावरचे ढीग त्यांनी दोन दिवसांत उचलले. काकांच्या ताडपत्र्या घडी करून लीलाबाईने काकूंना दिल्या. ट्रकवाल्याने विचारलं, झालं का सगळं? लीलाबाई त्याला काकांच्या वावरात घेऊन गेली. तिथे करडी माती पसरली होती तशीच होती. स्वतःच्या वावराला काकांनी हातच लावला नव्हता. ट्रकवाला म्हणाला, "ढीग केलेलीच उचलायचा हुकूम आहे, बाई." आणि ट्रक निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मी आणि लीलाबाई पावडी घेऊन काकांच्या वावरात गेलो. काकू आधीच बांधावर उभ्या होत्या.

"लीला, इथं नोको," त्या म्हणाल्या.

"वहिनी, त्यायनं माहं केलं. मले त्यायचं करू द्या."

"तुहं कुठं झालं? नाल्याकडची बाजू राह्यलीच आहे. तेवढी पुरी करजा, असं मले सांगून गेले ते. चाल तिकडं."

काकूंनी पदर खोचला आणि त्या पुढे निघाल्या. नाल्याकडच्या बाजूला आम्ही तिघींनी खरवडायला सुरुवात केली. पहिलं टोपलं भरलं. ते मी डोक्यावर घेतलं आणि बांधावर जाऊन उभी राहिले. ट्रक आता येणार नव्हते. ते कुठे रिकामं करायचं, हे आम्हा तिघींपैकी कुणालाच माहीत नव्हतं.