बंद घडीतली बाई

त्याचा धंदा दातांच्या कवळ्या बनवण्याचा. दिवसभर प्लास्टरचे जबडे आणि मेण. संध्याकाळी मात्र स्वारी कोपरापर्यंत हात धुऊन जुन्या पुस्तकांत शिरायची, ती जेवायला चार हाका मारल्याशिवाय बाहेर यायची नाही. छापखाने नवे होते त्या काळातली पुस्तकं आणि लाकडी ठशांची चित्रं, एवढ्यावरच त्याचा जीव. थोरल्या बहिणीने पुस्तकं खाणाऱ्या किड्यावरून त्याचं नाव ‘कसर’ ठेवलं होतं. “फरक एवढाच,” ताई म्हणायची, “कसर निदान पुस्तकाच्या आत तरी जाते.”

ते खरंच होतं. कागद चाचपायचा, शाईचा वास घ्यायचा, शिवण तपासायची आणि पुस्तक कपाटात ठेवून द्यायचं. वाचायचं राहूनच जायचं.

आई गेल्यावर ताईनेच त्याला वाढवलं होतं. तिने लग्न केलं नाही. का केलं नाही, हे त्याने कधी विचारलं नाही. धाकट्या भावांना असले प्रश्न सुचत नाहीत.

त्याच्या संग्रहातला मानाचा गणपती म्हणजे प्रवासाच्या गोष्टींचं एक पुस्तक. छापखान्यातून जसं निघालं तसंच राहिलेलं. मोठे कागद दुमडून शिवलेले, पण घड्या कुणी कापल्याच नव्हत्या, त्यामुळे बरीचशी पानं वरून आणि कडेने बंद. “अजून एकाही माणसाने वाचलेलं नाही,” तो छाती फुगवून सांगायचा. जणू वाचणं हा पुस्तकाला होणारा आजारच.

एका घडीत चित्र होतं. खालच्या फटीतून बॅटरी मारली की धक्क्याच्या पायऱ्या दिसत, होडीचा काठ दिसे आणि एका बाईची पावलं. बस, एवढंच. त्यावरून बहीणभावांचं वर्षानुवर्षं जुंपायचं.

“कुणाची तरी वाट बघतेय,” तो म्हणायचा.

“वाट कसली बघतेय? निघालीये ती.”

“एकटी कुठे जाईल?”

“का? पाय नाहीत तिला?”

मग ताईच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं. दवाखान्यात जायच्या आदल्या संध्याकाळी बॅग भरून झाल्यावर ती म्हणाली, “कसर, ते पुस्तक आण. घडी काप.”

“ताई, कापलं की संपलंच गं ते. अशी दुसरी प्रत कुणाकडेही नाही.”

“माझी तरी दुसरी प्रत कुठे आहे?”

ती हे हसत म्हणाली, पण त्याला काही हसू आलं नाही. तो उठून आत गेला आणि पुस्तक व मेण कापायची पातळ सुरी घेऊन आला. पातं त्याने घडीत सरकवलं. कागद करकरला, एके ठिकाणी थोडा फाटलाही. पान उघडलं.

बाईच्या काखेत गाठोडं होतं. एक हात होडीच्या काठावर, मान सरळ पाण्याकडे. मागे धक्क्यावर निरोप द्यायलाही कुणी नव्हतं.

“बघ,” ताई म्हणाली. “सांगत नव्हते?”

आपण जिंकलो, असा काही तिचा सूर नव्हता. ती चित्राकडे बराच वेळ बघत राहिली. त्याने आयुष्यात पहिल्यांदाच विचारलं, “ताई, तुला जायचं होतं का गं कुठे?”

“नर्सिंगला नंबर लागला होता. लांब होतं. ट्रंकसुद्धा भरली होती मी.”

“मग?”

“मग काय? तू गोवराने फणफणला होतास. नंतर ट्रंकेतले कपडे लागतील तसे काढत गेले.”

माफी मागावी तर कशाची, ते त्याला सुचेना. गोवर काय त्याने मुद्दाम काढला होता? पण लाज वाटली ती वाटलीच.

ताईने उशी नीट केली आणि डोळे मिटले. “आता रडत बसू नकोस. पुढची घडी काप आणि वाच मोठ्याने. ही तर निघाली. कुठवर पोचते ते कळू दे मला.”