मावशींचा हुक

पॅराशूटच्या घड्या घालणं हे मावशींचं सैन्यातलं काम. हुद्द्याने त्या हॉलच्या प्रमुख. वय चाळिशीच्या आतलं, पण रुजू झाल्या झाल्या कुणीतरी ‘मावशी’ म्हणालं आणि ते चिकटलं. हॉलमध्ये लांबच लांब टेबलं. एका टोकाला छत्रीचा शेंडा अडकवायचा, दुसऱ्या टोकाला दोऱ्या ताणायच्या आणि मधलं कापड पाकळी पाकळीने तळहाताखाली सपाट करत जायचं. पॅराशूटला इथे कुणी पॅराशूट म्हणत नाही, छत्रीच म्हणतात. छत्री उघडली तर उडी मारणारा शूर. नाही उघडली तर सगळे या हॉलचा पत्ता विचारत येतात, ही इथली जुनी थट्टा.

त्या वर्षी दोन माणसं बदलीवर गेली. त्यांच्या जागी कुणी आलं नाही आणि उड्यांचा मोठा सराव तोंडावर आला. गेलेल्यांपैकी एक तपासनीस होता. आपण घडी घातलेली छत्री आपणच तपासायची नाही, हा नियम. पण तपासायला दुसरं कुणी उरलंच नाही, तेव्हा मावशी इतरांच्या छत्र्यांबरोबर स्वतःच्याही तपासू लागल्या. तात्पुरतंच म्हणून.

घरीही हात थांबेनात. एकदा त्या चादरीचे कोपरे ओढून ओढून जुळवत बसल्या, तेव्हा नवरा म्हणाला, “अगं, हिच्यावर कुणी विमानातून उडी मारणार नाहीये.” मावशी हसल्या नाहीत. त्याने चादर काढून घेतली. “साहेबांना सांगून टाक ना, झेपत नाही म्हणून.”

“सराव झाला की बढतीची यादी आहे. आता सांगू?”

बढतीबरोबर तळमजल्यावरचं मोठं घर मिळणार होतं आणि सासूबाईंना जिने चढवत नव्हते.

सरावाला तीन दिवस उरले होते. काम संपल्यावर रोजच्यासारखी हत्यारं भिंतीवरच्या फळीवर परत लागली. फळीवर प्रत्येक हत्याराचा आकार रंगवलेला, खाली ज्याचं त्याचं टोपणनाव. एक आकार जरी रिकामा राहिला तरी हॉलमधून एकही छत्री बाहेर जात नाही. त्या संध्याकाळी एक रिकामा होता. दोऱ्या फासातून ओढून घ्यायचा लोखंडी हुक. खाली नाव मावशींचं.

सगळ्यांनी टेबलांखाली पाहिलं, खिसे उलटे केले. वादात कुणाला हार न जाणारा एक जण होता, त्याला सगळे वकील म्हणत. तोच म्हणाला, “मावशी, केरात गेला असेल. छत्रीत कसा राहील? तपासल्यात तुम्हीच.”

“मीच तपासल्यात, म्हणून तर,” मावशी म्हणाल्या. “माझ्या आजच्या सगळ्या उघडा.”

तिसऱ्या छत्रीत हुक सापडला. घड्यांच्या मधोमध, दोऱ्यांना अडकून. वकिलाने तो काढला, पुसला आणि टेबलावर ठेवला.

मावशींनी साहेबांना बोलावून घेतलं. सरावात पहिली उडी साहेबांचीच होती. त्यांनी हुक हातात घेऊन पाहिला. “सापडला ना? मग झालं. इतक्या वर्षांत तुमची पहिली चूक, मावशी. मी लिहीत नाही कुठे.”

“पहिली सापडलेली म्हणा, साहेब. तपासनीस गेल्यापासून माझं काम कुणी पाहिलेलंच नाही. तेव्हापासूनच्या माझ्या सगळ्या उघडाव्या लागतील.”

“आणि सराव?”

“निम्म्याच माणसांना उडी मारू द्या. नाहीतर पुढे ढकला.”

“वर काय सांगू मी?”

“माझं नाव सांगा. आणि तपासनीस नव्हता, तेही सांगा.”

साहेबांनी हुक टेबलावर ठेवला. “बढतीची यादी माझ्या टेबलावर आहे, ठाऊक आहे ना?”

“ठाऊक आहे.”

सराव पुढे गेला. मावशींच्या सगळ्या छत्र्या उघडल्या; एकीतही काही निघालं नाही. “उगाच केलंत,” असं वकील म्हणाला खरा, पण हळू आवाजात. यादीत मावशींचं नाव नव्हतं. चौकशी होईपर्यंत त्यांना टेबलावरून काढून कोपऱ्यातल्या शिलाई मशीनवर बसवलं. दुसऱ्या तळावरून एक तपासनीस आला. घरी नवरा सासूबाईंना हात धरून जिने चढवत राहिला. मावशी मात्र रात्री गाढ झोपू लागल्या.

पंधरवड्याने एका दुपारी वकिलाचा हात टेबलावर मध्येच थांबला. छत्री जवळजवळ बांधून झाली होती. तो तिच्याकडे पाहत उभा राहिला आणि म्हणाला, “हिची तिसरी गाठ मारली की नाही, मला आठवत नाहीये.”

शेजारच्या टेबलांवरचे हात थांबले. थट्टा करायची तर आयती संधी होती.

“मग सोड,” मावशी मशीनवरून म्हणाल्या. “कुणी हसणार नाही तुला.”

वकिलाने बांधलेली छत्री सोडली आणि शेंड्यापासून पुन्हा सुरुवात केली.