खरा पेशंट

मैसूरच्या चामराजपुरममधलं भाड्याचं घर सोडून आम्ही गावाबाहेर हूटगळ्ळीला तिसऱ्या मजल्यावर, भाड्यानंच, राहायला आलो, तेव्हा सासूबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन होऊन दोन महिने झाले होते. वॉकर धरून त्या पलंगापासून मोरीपर्यंत चालायला लागल्या होत्या. आसपास कारखाने, कधी काय होईल सांगता येत नाही. म्हणून पहिल्याच आठवड्यात मी दाराजवळ एक पिशवी भरून ठेवली: त्यांच्या गोळ्या, डॉक्टरांचे कागद, टॉर्च, पाण्याच्या दोन बाटल्या, एक जाड लुगडं. आमचे हे हसले. ते कारखान्यात शिफ्टला जातात, मी घरी ब्लाऊज शिवते. दिवसभर घरात आम्ही दोघीच.

त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला भोंगा वाजला. शिफ्टचा नव्हे, हा थांबेचना. मी मशीनवरून उठले, खिडक्या लावल्या, टॉवेल ओले करून दाराच्या फटीत कोंबले. रेडिओ लावला, तर गाणी. टीव्हीवर निवडणुकीची भांडणं. मदतीच्या नंबरावर फोन केला. पलीकडची मुलगी कन्नडमध्ये म्हणाली, "आमच्याकडे काही माहिती नाही, मॅडम." तेवढ्यात खालून लाऊडस्पीकर ओरडत गेला: गॅस गळती झाली आहे, सगळ्यांनी ताबडतोब मैदानावर यावं.

लिफ्ट बंद केली होती. मी दार उघडून जिन्यात हाका मारल्या. दुसऱ्या मजल्यावर राहणारे एक रिक्षावाले वर धावत आले. आमच्यासारखेच भाडेकरू.

"अम्मांना खुर्चीत बसवा," ते म्हणाले.

प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून मी पिशवीतल्या लुगड्यानं सासूबाईंना बांधलं आणि आम्ही दोघांनी खुर्ची उचलली. प्रत्येक पायरीला त्या कण्हत होत्या. दुसऱ्या वळणावर खुर्चीचा पाय कठड्याला आपटला आणि त्या इतक्या मोठ्यानं ओरडल्या, की माझे हात सुटायला आले.

"मला इथंच ठेवा ग," त्या म्हणाल्या. "तुम्ही दोघं तरी जावा."

"गप बसा, आई," मी म्हणाले. सतरा वर्षांत मी त्यांना कधी असं बोलले नव्हते.

मैदानावर पोचलो तर तिथं शामियाना. खुर्च्या. ताक वाटत होते. एका माणसाच्या गळ्यात स्टॉपवॉच होतं. आम्हाला बघून त्यानं ते दाबलं आणि म्हणाला, "सूपर! मॉक ड्रिल अष्टे, मॅडम. नुसता सराव. घाबरू नका."

बाजूला ॲम्ब्युलन्स उभी होती. स्ट्रेचरवर डोक्याला पट्टी बांधलेला एक धडधाकट तरुण मोबाईल बघत पडला होता. स्टॉपवॉचवाला हसत म्हणाला, "आम्ही खोटा पेशंट आणला, तुम्ही तर खराच आणलात!" आणि त्यानं सासूबाईंचा फोटो काढला. लुगड्यानं खुर्चीला बांधलेल्या, केस सुटलेल्या, घामेजलेल्या. एकदा विचारलंसुद्धा नाही.

मी म्हटलं, "त्या पोराला उठवा. हे स्ट्रेचर आम्हाला वर जायला द्या."

"ते ड्रिलसाठी आहे, मॅडम."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आमच्या बिल्डिंगचे सेक्रेटरी तिथंच ताकाचा ग्लास घेऊन उभे होते. मी त्यांच्यासमोर गेले.

"आम्हाला सांगितलं का नाही?"

"तीन दिवस आधी ग्रुपवर टाकलं होतं की."

"मी ग्रुपमध्ये नाही."

"बरोबर. तो ओनर्सचा ग्रुप आहे. तुमच्या ओनरनं तुम्हाला सांगायला हवं होतं."

आमचे घरमालक दुबईत असतात. मी काही बोलायच्या आधी खुर्चीतून सासूबाईंचा आवाज आला. थकलेला, पण स्पष्ट. "गॅस काय विचारून येतो का रे, घर कुणाच्या नावावर म्हणून?"

सेक्रेटरींनी ग्लास खाली ठेवला.

परत वर न्यायला लिफ्ट चालू केली, एवढे उपकार झाले. संध्याकाळपर्यंत खुबा सुजला. एक्स-रेत हाड शाबूत निघालं, पण डॉक्टरांनी तीन आठवडे पलंगावरून उठायचं नाही म्हणून बजावलं. वॉकर कोपऱ्यात गेला. दोन महिन्यांत जे कमावलं, ते एका सकाळीत गेलं. आणि चूक कुणाची? कुणाचीच नाही. सगळे म्हणाले, ड्रिल उत्तम झालं.

चौथ्या दिवशी सेक्रेटरी घरी आले. "तुम्हाला ग्रुपमध्ये घेतो," म्हणाले.

"मला एकटीला नको. बिल्डिंगमधल्या सगळ्या भाडेकरूंना घ्या. ज्यांच्याकडे तसला फोन नाही त्यांच्यासाठी जिन्यात कागद लावा, कन्नडमध्ये. आणि कुठल्या घरात कोण अंथरुणावर आहे, त्याची यादी वॉचमनकडे ठेवा."

"मीटिंगमध्ये मांडतो."

मीटिंग ओनर्सची. मी तरीही गेले, दाराशी उभी राहून बोलले. रिक्षावालेही आले होते. एक बाई म्हणाल्या, एवढ्याशा गोष्टीचा किती बाऊ. मी त्यांना विचारलं, तुमच्या आईला खुर्चीला बांधून तीन मजले उतरवलंय कधी?

महिन्याभरानं तळमजल्यावर फलक लागला. काचेचा, कुलूपबंद. आत पार्किंगचे नियम आहेत, इंग्रजीत. यादी अजून झालेली नाही. परवा मी आणि रिक्षावाले वहीचा कागद घेऊन घरोघर फिरलो. पाच घरांत उठता न येणारी माणसं निघाली. त्यातलं एक घर सेक्रेटरींचंच, त्यांचे वडील. त्यांचं नाव आम्ही पहिलं लिहिलं.