साक्षीदाराविना अर्ज नाही

मोखाड्याच्या तहसील कचेरीसमोर मी गेली बावीस वर्षे अर्ज लिहीत आहे. शिक्षण सातवीपर्यंतच झाले; तथापि मायना चुकला म्हणून माझा अर्ज कधी परत आलेला नाही, हे नम्रपणे नमूद करतो.

गेल्या हिवाळ्यात, बाजाराच्या दिवशी, खोडाळ्याकडची एक बाई टेबलासमोर येऊन बसली. तिची मुलगी शिष्यवृत्तीवर इंग्लंडात शिकत होती.

"दादा, पोरीच्या मोठ्या साहेबाला अर्ज लिवा. म्हणावं, तिला घरी धाडा."

"कारण?"

"रोज सांगते, बरी आहे. पण आवाज बरा नाय. काल म्हणाली, आई, मी परत येते, कोणाला सांगू नको."

"मग म्हणणे तिच्याच तोंडून हवे. परस्पर अर्ज मी लिहीत नाही."

बाईने व्हिडिओवर फोन लावला. आपल्याकडे दुपार, तिकडे सकाळ. मुलगी हनुवटीपर्यंत रजई ओढून पडलेली.

"काका, तुम्ही? माझ्या दाखल्याचा अर्ज तुम्हीच लिहिला होता ना?"

"आणि तो मंजूर झाला होता," मी आठवण करून दिली. "आता कलमवार सांग. कलम एक, झोप?"

"लागत नाही. दिवाळीपासून."

"जेवण?"

"एकदाच. खोलीतच."

"बोलणे कोणाशी?"

तिने रजई आणखी वर ओढली. "दुकानात थँक्यू म्हणते तेवढंच."

बाईने पदर तोंडाला लावला. मी लेखणी थांबवली नाही; लिहिणारा थांबला की सांगणाराही थांबतो, हा माझा अनुभव आहे.

"आईपासून का लपवलेस?"

"गावानं ढोल वाजवून एसटीत बसवलंय, काका. रडू कशी?"

"मागणी काय लिहू? परत येणे?"

"माहीत नाही. कोणीतरी ऐकावं, बस."

मी तसेच लिहिले. "साक्षीदार?"

"इथं कोण आहे माझं? शेजारच्या खोलीत एक मुलगी राहते, दुसऱ्याच देशाची. नावही माहीत नाही."

"तिची सही आण. आजच."

"काका, इथं साक्षीदार लागत नाही!"

"तिथले मला ठाऊक नाही. माझ्या टेबलावर लागतो."

"जा गं," बाई मध्येच म्हणाली, "आधी केस विंचर."

मुलगी खुदकन हसली. मग मी अर्ज वाचून दाखवला आणि बाईने त्याचा फोटो तिला पाठवला.

पुढच्या बाजाराला बाई हसतच आली. मुलीने शेजारचे दार ठोठावले होते आणि एकेक कलम इंग्रजीत सांगितले होते. शेजारीण ऐकता ऐकता रडू लागली. म्हणाली, पहिली तीन कलमे माझीही आहेत. मग दोघी मिळून विद्यापीठातील समुपदेशक बाईंकडे गेल्या. मुलांच्या मनातले ऐकून घेणे हेच त्या बाईंचे काम. त्यांनी अर्जाचा अर्थ विचारून घेतला आणि दोघींना दर आठवड्याची वेळ दिली. आता दोघी एकत्र जेवतात, आणि परत येण्याची गोष्ट मुलीने तूर्त तहकूब केली आहे.

बाईने फोनमध्ये फोटो दाखवला. तिकडे छापून घेतलेल्या अर्जावर, माझ्या अक्षराखाली, मला न वाचता येणाऱ्या लिपीत, साक्षीदाराची सही होती.

"दादा, त्या पोरीलाबी अर्ज पायजे. तिच्या आईला. तिनंबी घरी काय सांगितलं नाय."

मी कोरा कागद पुढे ओढला.

"साक्षीदार?"

"आपली पोर हाय की!"