पाबे घाट, दुसऱ्या गिअरमध्ये

नोव्हेंबरातल्या दुसऱ्या शनिवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी आम्ही पुण्याहून निघालो. हजर तिघे: मी, पत्नी शोभा आणि माझे साडू विलासराव. मोटारसायकल नीट चालवायला शिकण्याची दोन दिवसांची फी माणशी पंधराशे, दोघांची तीन हजार. ते तीन हजार पाकिटात घालून मी शोभाकडे दिले, कारण भोरच्या मुलाणीमामांनी फोनवर बजावले होते, "पैसे मागं बसणाऱ्याकडं द्या. तुमच्याकडं न्हाई ठेवायचे."

गाड्या दोन होत्या. माझी सव्वाशे सीसीची, चौदा वर्षांची, लिटरला अठ्ठावन्न देणारी. विलासरावांची साडेतीनशेची, सात महिन्यांची, मागे पाठ टेकायला गादी असलेली. शोभा त्या गादीला टेकून बसली होती.

फेब्रुवारीत जुन्या कात्रज घाटाच्या उतारावर माझी गाडी घसरली आणि शोभाच्या कोपराला पाच टाके पडले. खडी होती, असे मी घरी सांगितले. तेव्हापासून ती माझ्या मागे बसलेली नाही. मेव्हणीचे गुडघे दुखतात, त्यामुळे विलासरावांच्या मागची जागा रिकामी असते, आणि नऊ महिन्यांत तीन सहली तिने तिथून केल्या. मी बावन्न वर्षांचा आहे, विलासराव अठ्ठेचाळीसचे. शिवरे येईपर्यंत तिला हसताना मी चार वेळा पाहिले. त्यांनी काय विनोद केला, ते मला वाऱ्यात ऐकू आले नाही.

कापूरहोळला चहा झाला. विलासरावांनी माझ्या टायरवर अंगठा दाबून पाहिला आणि म्हणाले, "दादा, हवा कमी आहे." होती. मी भरून घेतली, पण भोरपर्यंत त्यांच्याशी बोललो नाही.

मुलाणीमामा एसटीवर एकतीस वर्षे चालक होते. भोर गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानात चुन्याची रेघ मारून ते उभे होते. पाया पडायला निघालेल्या विलासरावांना त्यांनी मध्येच थांबवले. "हेल्मेटचा पट्टा लावा आधी. नुसतं डोक्यावर ठेवलं तर ते तुमच्या आधी घरी जाईल." मला बरे वाटले.

ते फार टिकले नाही. चाळीसच्या वेगाने येऊन रेघेवर ब्रेक लावायचा होता. विलासराव अकरा पावलांत थांबले, मी सतरा.

"दादा, पुढच्या ब्रेकशी भांडण हाय का तुमचं?" मामांनी विचारले.

"पुढचा दाबला की माणूस उलटतो म्हणतात."

"एकदम आवळला तर उलटतो. हळूहळू दाबत न्या. गाडी थांबताना सगळं वजन पुढं येतंय, मग खरं काम पुढचंच चाक करतंय. तुमी नुसत्या मागच्यावर चालवताय, म्हंजे निम्म्याहून जास्त ब्रेक घरी ठेवून आलाय."

सातव्या फेरीत मी बारा पावलांवर आलो. शोभा मैदानाच्या कडेला शेंगा खात बसली होती. ती विलासरावांनाच म्हणाली, "तुम्ही तर पहिल्याच वेळी जमवलंत."

मग मामांनी आम्हाला गावाजवळच्या एका उतारावर नेले आणि एकेकाला खाली यायला सांगितले. विलासराव आले. मी नेहमीप्रमाणे वरूनच गाडी न्यूट्रल केली, चावी बंद केली आणि अलगद खाली आलो. पुण्यात माझ्या वयाची निम्मी माणसे उताराला असेच करतात. पेट्रोल वाचते.

मामा रस्त्यात आडवे उभे राहिले. "गाडी बंद पडली का?"

"नाही. केली."

"किती वाचतं?"

माझ्याकडे हिशेब होता. "एका घाटात साठ-सत्तर मिली. सहा-सात रुपयांचं."

"इंजन गाडीला धरून ठेवतंय, दादा. आमी एवढी एसटी वरंध्याच्या घाटातून उतरवायचो ती गिअरवर. न्यूट्रल केली की सगळा भार ब्रेकवर. त्यो तापला की धरत न्हाई. मग वळणात घाबरून एकदम दाबता आणि पडता. वर सगळ्यांना सांगता, खडी हुती."

त्यांना फेब्रुवारीचे काही माहीत नव्हते. मी चावी चालू केली.

संध्याकाळी भोरच्या मुक्कामी मामांनी मला नियम सांगितला. "उद्या पाबे घाट उतरताना बाई तुमच्या मागं बसतील. खाली गेल्यावर, कोण किती शिकलं ते बघून, मला कुणाचे किती द्यायचे ते त्याच ठरवणार. चालवणाऱ्याला स्वतःची चूक दिसत न्हाई, मागच्याच्या पोटात गोळा येतो."

"बसायचं की नाही ते बघते," शोभा म्हणाली.

रविवारी नसरापूरवरून वेल्ह्याकडे वळलो. कागदोपत्री तालुका आता राजगड झाला, पण लोक वेल्हेच म्हणतात. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना खाचरे (बांध घातलेली भाताची शेते), अर्धी कापलेली. मामा आपल्या जुन्या गाडीवर सर्वांत मागे. पुढे विलासरावांचा लाल दिवा, त्याच्या वर शोभाची निळी ओढणी. विलासराव वळणाआधी वेग कमी करत, वळणात नाही, आणि बाहेर पडले की सफाईने निघून जात. मला ते अंतर सहन होईना. मी साठला गेलो. पुढच्या वळणावर रस्त्यावर पेंढा (झोडून उरलेले भाताचे काड) पसरला होता. मागचा ब्रेक दाबला आणि गाडी आडवी होत खाचरात गेली. खाली मऊ चिखल होता, मला काही झाले नाही. आरसा फुटला.

पेंढा गोळा करणारी एक म्हातारी कमरेवर हात ठेवून बघत होती. "आवं, पेंढ्यावर बिरेक मारत्यात व्हय? माझा नातूबी मारत न्हाई."

"काडी रस्त्यावर कशाला टाकता, आजी?" मी म्हणालो.

"मग काय तुमच्या घरात टाकू? तुमच्या म्होरचा गेला की नीट."

मामांनी गाडी बाहेर काढायला हात लावला. "तुमी वळण बघतच नव्हता. त्यांचा दिवा बघत हुता. डोळं जिथं जातात तिथं गाडी जाते. दुसऱ्याच्या वेगानं चालवली की आपलं वळण चुकतं. लई जण असेच पडत्यात."

विलासराव परत फिरून आले. स्वतःची पाण्याची बाटली उघडून माझ्या हातावरचा चिखल त्यांनी धुतला. तेही त्यांना नीट जमले.

वेल्ह्यात तोरण्याच्या पायथ्याशी एका घरगुती खाणावळीत जेवलो: तांदळाची भाकरी, पावट्याची आमटी, नव्या तांदळाचा वाफाळता भात. विलासराव हात धुवायला गेले तेव्हा मी शोभाला सांगितले, "फेब्रुवारीत खडी नव्हती. मी इंजिन बंद केलं होतं."

तिने भातावर आमटी घेतली. "माहीत आहे. आवाज थांबलेला मला मागे कळला होता."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही कधी बोलता ते बघत होते. टाक्यांचं मला काही नव्हतं हो. दर वेळी पाहुण्यांना खडीची गोष्ट रंगवून सांगायचात, तेव्हा मागे बसावंसं वाटेना."

मला वाटले होते, गादी मोठी म्हणून.

पाबे घाटाच्या माथ्यावर ती माझ्या मागे बसली. चावी चालू, दुसरा गिअर. वळण येण्याआधी दोन्ही ब्रेक, मग नजर वळणाच्या पलीकडच्या टोकावर. विलासराव पुढे गेले. तिसऱ्या वळणानंतर त्यांचा दिवा दिसेनासा झाला आणि मी त्यांना जाऊ दिले. हे लिहायला सोपे आहे. करताना माझे दात आवळलेले होते, आणि खाली पोचेपर्यंत त्यांनी किती मिनिटांची आघाडी घेतली असेल याचा हिशेब डोक्यात चालूच होता. मत्सर घाटात उतरत नाही. त्याला मागे बसवून सावकाश चालवता येते, एवढेच मी शिकलो.

खाली खानापूरला विलासराव आमची वाट पाहत होते. सहा मिनिटे झाली म्हणाले. शोभाने पाकीट काढले, नोटा मोजल्या. विलासरावांचे पूर्ण पंधराशे. माझे बाराशे.

"तीनशे कशाचे कापले?" मी विचारले.

"दोनदा यांचा दिवा शोधलात. मान वळली की मला मागून दिसतं."

मामा हसले आणि नोटा खिशात घातल्या. शोभा पुन्हा माझ्याच मागे बसली, आणि आम्ही पुण्याच्या वाटेला लागलो. मुलाणीमामांना शोभाच्या हातून पोचलेली एकूण रक्कम सत्तावीसशे, त्यात विलासरावांचे माझ्यापेक्षा तीनशे जास्त.